चौकशीकाकूंची पेटी

आमच्या स्वयंपाकघरातला नळ मागच्या वर्षापर्यंत नऊ प्लंबरांनी दुरुस्त केला होता. मी स्वतः चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होतो. नळाचा वायसर बदलायला मला सहा मिनिटं लागतात, चष्मा वेळेवर सापडला तर पाच. तरीही नऊ वेळा मी त्याच स्वयंपाकघरात, त्याच स्टुलावर, हाताची घडी घालून बसलो आणि कुणीतरी परका माणूस माझ्या नळाचे आटे खराब करताना पाहत राहिलो. माझ्या हत्यारांची कॅनव्हासची पिशवी पलंगाखाली होती. ती काढायला गेलो की बायको स्वयंपाकघरातूनच ओळखायची.

"अहो, तुम्ही हात लावू नका. तुम्ही केलंत तर तो माणूस कसा आहे ते मला कळणार कसं?"

तळपायाची आग मस्तकात जायची, ती तशीच गिळून मी पेपर उघडायचो.

बायको बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसली. म्हणून सगळी इमारत तिला चौकशीकाकू म्हणते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी असं झालं की आतून तिच्या हातात चिठ्ठी आली, संध्याकाळची गाडी वेळेवर सुटेल. तिने ते खिडकीसमोरच्या एका बाईला सांगितलं. बाईच्या कडेवर तापाने फणफणलेली मुलगी होती. ती बाई तीन तास बाकावर बसून राहिली, आणि गाडी तेव्हा आगारात एक चाक काढून उभी होती. त्या दिवसापासून बायकोने चिठ्ठीवर विश्वास ठेवणं सोडलं. कुणी विचारलं की ती खिडकीतून उठायची, फलाटावर जायची, गाडी डोळ्यांनी बघायची आणि परत येऊन सांगायची. रांग वाढायची, लोक ओरडायचे, साहेबांनी दोनदा लेखी समज दिली. ती काही बदलली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले की आमच्या स्थानकावर सर्वात जास्त चाललेली व्यक्ती ड्रायव्हर नसून चौकशीबाई आहे. लोक हसले. तिला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाने झोपावं, फुलझाडं लावावीत. हिने एका बंद पडलेल्या वाचनालयातून लाकडी पेटी आणली, पुस्तकांची कार्डं ठेवतात तसली लांबट. त्यात जाड कागदाची कार्डं. प्रत्येक कार्डावर एका माणसाचा धंदा, फोन नंबर आणि शेवटच्या ओळीत शेरा. सगळं पेन्सिलीने, कारण माणूस सुधारतो आणि बिघडतोही, असं तिचं म्हणणं. आणि नियम एकच. स्वतःच्या घरात काम करून घेतल्याशिवाय कुणाचंही नाव दुसऱ्याला द्यायचं नाही.

शेरे मी चोरून वाचायचो. खोटं कशाला बोलू, वाचण्यासारखे होते. 'काम बरं, तोंड फार.' 'वेळेवर येतो, पाय न पुसता येतो.' 'रंग चांगला देतो, काचांनाही देतो.' सुताराच्या कार्डावर लिहिलं होतं, 'माणूस सज्जन. दार लागत नाही.' ते दार आजही लागत नाही. पावसाळा असो की उन्हाळा, आम्ही त्याला खुर्ची टेकवून ठेवतो, आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही कुणाला तरी कोंडलं आहे.

एकूण काय, आमचं घर म्हणजे परीक्षा केंद्र झालं. चार न्हाव्यांची परीक्षा माझ्या डोक्यावर झाली. दातांच्या दोन डॉक्टरांची माझ्या दाढेवर झाली, आणि दाढ एकच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं पटत नव्हतं, त्यांना समुपदेशक हवा होता, तर ही मला घेऊन समुपदेशकाकडे गेली. मी वाटेत विचारलं, "अगं, पण आपल्यात भांडण कुठे आहे?"

"नसू दे. काहीतरी काढू."

काढलं. तासाभराने बाहेर पडलो तेव्हा मी एका बाजूच्या फुटपाथवरून घरी आलो आणि ती दुसऱ्या. दोन दिवस अबोला. कार्डावर शेरा पडला, 'मनातलं बाहेर काढण्यात हुशार.' तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं तिकडे गेलंच नाही. मधल्या काळात त्यांचं आपोआप जमलं होतं.

हे मला सगळ्यात जास्त टोचायचं. लोकांना फुकट चौकशी हवी असते, चौकशीतून निघालेलं उत्तर नको असतं. सकाळी सातपासून दाराची घंटा वाजते. काकू, कुत्रा बूट खातो, काय करू? काकू, सून माहेरी जाऊन बसली आहे, मी फोन करू की मुलाला करायला सांगू? काकू, गच्चीवरच्या टाकीत कबूतर पडलंय. ही प्रत्येकाला बसवून घेणार, दहा प्रश्न विचारणार, पेटी उघडणार. आणि तो माणूस जिना उतरता उतरता दुसऱ्याच कुणाला तरी फोन करून हवं तेच करणार. मी हे तिला अनेकदा सांगितलं. ती म्हणायची, "गाडी कुठल्या फलाटावर आहे ते मी सांगितलं. बसायचं की नाही, त्यांचं ते बघतील." यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

अपवाद एकच. खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. एकट्या म्हणजे त्या आणि बोळा. बोळा हा राखाडी बोका, चुरगाळून टाकलेल्या कागदासारखा कुठेही पडून असायचा. बाई बायकोला वहिनी म्हणतात आणि तिने दिलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. बायकोने जनावरांचे तीन डॉक्टर तपासायला काढले तेव्हा अडचण आली, आमच्याकडे जनावर नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली जाऊन बोळाला मागून आणलं. तिन्ही वेळा बसमधून टोपली मांडीवर घेऊन मीच गेलो, नखं कापायला. तिसऱ्या खेपेला त्याने टोपलीच्या फटीतून पंजा बाहेर काढून माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही. मला मांजरं आवडत नाहीत. हे मी तिन्ही डॉक्टरांना सांगितलं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायची इच्छा नाही, पण बायकोचं चित्र त्याशिवाय पुरं होत नाही.

मागच्या वर्षी थंडीत आमच्या न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरची ज्योत पिवळी दिसायला लागली. ज्योत निळी हवी. पिवळी झाली म्हणजे आत काजळी बसली आहे, गॅस नीट जळत नाही. वर धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी असते, तिला धरून ठेवणारी पट्टीही सैल झाली होती. असा धूर खोलीत कोंडला तर वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस नुसता झोपतो. हे मी तिला सांगितलं. ती खूष झाली. इमारतीत सहा घरांत तसलेच गीझर होते आणि पेटीत गीझरवाल्याचं कार्ड नव्हतं.

"शुक्रवारी येतोय तो. तोवर पाणी शेगडीवर तापवू."

"मी दहा मिनिटांत करतो."

"अहो, शुक्रवारी येतोय म्हटलं ना."

मंगळवारी ती पलीकडच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी आजारी सशाला घेऊन डॉक्टरकडे गेली. घरात मी एकटा. कढत पाण्याची बादली उचलून माझी कंबर धरली होती, आणि समोर तो गीझर. मी पिशवी काढली. झाकण उघडलं, बर्नर ब्रशने साफ केला, नळी वर सरकवून पट्टी घट्ट आवळली. ज्योत कशी निळीशार झाली. किती महिन्यांनी माझ्या हातांना काम मिळालं होतं, मला बरं वाटलं. मग सगळं पुसून पिशवी होती तशी ठेवली आणि बायको आल्यावर सशाची चौकशी केली. तिला सांगितलं असतं तर परीक्षा बिघडवली म्हणून तिने आठ दिवस धारेवर धरलं असतं. म्हणून मूग गिळून बसलो.

शुक्रवारी गीझरवाला आला. स्वच्छ शर्ट, पाय पुसून आत, बोलणं गोड. बायको वही घेऊन शेजारी उभी, मी दारात. त्याने गीझर पेटवला. निळी ज्योत.

"काही झालेलं नाही, काकू. छान चाललाय."

"पण पिवळी होती. मी स्वतः पाहिली."

"होते कधी कधी. आपोआप जाते."

एवढं बोलून तो हात धुवायला लागला. त्याने झाकण उघडलं नाही. नळीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी ते पाहिलं. चौतीस वर्षांच्या फिटरला ते न दिसून कसं चालेल? पण बोललो असतो तर माझी चोरी उघडी पडली असती. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला आतून गंमतही वाटत होती. चला, चौकशीकाकूंची एक तरी परीक्षा फसली. त्याने जाता जाता माझ्याकडे पाहून विचारलं, "काका, तुम्ही काय काम करायचात?" मी म्हटलं, "फिटर. पंपघरात." तो म्हणाला, "मग तुम्हाला कळतंच सगळं." मी मान हलवली.

शेरा पडला, 'उगाच काम काढत नाही. विश्वासू.' एवढा चांगला शेरा तिने आजवर दोघांनाच दिला होता.

पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या बाईंच्या गीझरची ज्योत पिवळी झाली. त्यांनी नाव मागितलं. बायकोने दिलं. तो आला, पाहून गेला, आपोआप जाईल म्हणाला. हे सगळं मला बायकोने जेवताना सांगितलं. मी भात कालवत होतो. मनात आलं, खाली जाऊन एकदा बघावं. मग वाटलं, जाऊ उद्या. दुसऱ्या दिवशी माझी कंबर दुखत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी, सकाळी सव्वाआठला, माझा पेपर वाचून झाल्यावर बायको तो बाईंना द्यायला खाली गेली. हे रोजचं. बाईंच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. दोन मिनिटांनी खालून एकच हाक आली, "अहो." ती कधी ओरडत नाही. मी अनवाणी जिना उतरलो.

बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. आम्ही दोघांनी धरून त्यांना बाल्कनीत ओढत नेलं. मी परत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. बायको रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती, कुठल्या वळणावर वळायचं तेसुद्धा, खिडकीत बसल्यासारख्या शांत आवाजात. बाईंनी डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द काढला तो बोळाचा.

बोळा न्हाणीघरातच होता. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीवर, ऊब मिळते म्हणून तो रोज तिथे झोपायचा. हाक मारली की डोळे न उघडता एक कान हलवायचा. मी हाक मारली. दोनदा मारली.

बाईंनी नंतर सांगितलं, डोकं जड झालं तेव्हा त्यांना वाटलं रक्तदाब असेल, बसून राहावं. पण बोळा हलेना म्हणून त्या घाबरल्या आणि दार उघडायला उठल्या. तेवढ्याने वाचल्या.

त्या दुपारी मी पिशवी घेऊन खाली गेलो आणि त्यांच्या गीझरचं झाकण उघडलं. आत काजळीचा थर होता. नळी पट्टीतून निसटून बोटभर खाली आली होती. आमच्याकडे होतं तेच, फक्त जास्त. झाकण उघडलं असतं तर कुणालाही दिसलं असतं.

बाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. बायको गीझरवाल्याचं कार्ड घेऊन तिथे गेली, त्यांना दाखवलं आणि म्हणाली, "नाव मी दिलं होतं." गीझरवाल्याच्या मालकाकडे तक्रार केली, बाकीच्या चार घरांत स्वतः जाऊन गीझर बंद करायला लावले. मग घरी येऊन पेटी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी आलं, "काकू, फ्रिज दुरुस्त करणारा आहे का कुणी?" ती दारात उभी राहून म्हणाली, "मला माहीत नाही."

नऊ वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. घंटा वाजायची बंद झाली, फोन बंद झाला. नळ ठिबकायला लागला तरी तिने कुणाला बोलावलं नाही. मी म्हटलं, "करू का मी?" ती म्हणाली, "करा." मी सहा मिनिटांत केला. माझ्या आयुष्यात एवढं नकोसं काम मी कधी केलं नव्हतं.

ती खुर्चीत बसून तो शुक्रवार पुन्हा पुन्हा उलगडायची. मी इथे उभी होते. तो तिथे. मी विचारलं. तो असं म्हणाला. माझं कुठे चुकलं? आणि मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्हाला यातलं कळतं. पिवळी ज्योत आपोआप निळी होते का?"

खरं बोलायची ती वेळ होती.

"होते कधी कधी," मी म्हणालो. गीझरवाल्याचेच शब्द. तोंडातून निघाल्यावर मला स्वतःची किळस आली, पण शब्द परत घेतले नाहीत.

तिने मान हलवली. पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि तिचं डोकं कुठे जाईल याची मला कल्पना नव्हती. आठ दिवसांनी ती म्हणाली, "मी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मला बहुतेक निळं पिवळं दिसायला लागलंय. पहिल्यापासून निळीच असेल ती. मीच चुकीचं पाहिलं, म्हणून चुकीच्या माणसाला चांगला शेरा दिला."

मी तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. डॉक्टर रंगीत ठिपक्यांची पानं एकेक करून समोर धरत होते आणि ही शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून आकडे वाचत होती. बारा. आठ. एकोणतीस. प्रत्येक आकडा बरोबर. प्रत्येक आकड्यानंतर ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायची, चुकले का म्हणून. एकतीस वर्षं जिने फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, ती आता ते डोळे दुसऱ्याकडून तपासून घेत होती. माझ्यामुळे.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले.

बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. ती म्हणाली, "मग डोक्याच्या डॉक्टरकडे जावं लागेल. त्याचं कार्ड नाही माझ्याकडे."

"ज्योत पिवळीच होती," मी म्हणालो.

"काय?"

"मी साफ केला होता गीझर. मंगळवारी. तू सशाला घेऊन गेली होतीस तेव्हा. पट्टीपण मीच आवळली."

आमची बस आली. ती उठली नाही. बस गेली.

"त्याने झाकण उघडलं नाही, ते पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"मी नंतर घरी विचारलं, तेव्हाही नाही."

दुसरी बस आली आणि गेली. मला वाटत होतं ती चिडेल, चारचौघांत मला फाडून खाईल. ते बरं झालं असतं.

"स्थानकावर आतली माणसं मला खरं सांगायची नाहीत," ती म्हणाली, "म्हणून मी उठून बघायला जायचे. घरात उठून बघावं लागेल असं मला वाटलं नव्हतं."

मग पर्स खांद्याला अडकवून ती उभी राहिली. "बाईंना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मी त्याच संध्याकाळी गेलो. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर काही नव्हतं आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. बोळाची ताटली धुऊन पालथी घातलेली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, मंगळवारपासून. मग म्हणाल्या,

"भाऊजी, मी त्या माणसाला म्हटलं होतं, झाकण उघडून बघता का. तो म्हणाला, गरज नाही. वरच्या मजल्यावर काका स्वतः फिटर आहेत, ते समोर उभे होते, त्यांनी मान हलवली."

मला बसायला हवं होतं, पण कुणी बसा म्हणालं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी फक्त गप्प बसलो. माझ्या मानेचं प्रमाणपत्र घेऊन तो माणूस जिना उतरून खाली आला होता.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आता दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही यायचं. गीझर तुम्हीच बघायचा. पण मी दारात बसणार आणि तुम्ही काय करताय ते मोठ्याने सांगत करायचं. एकेक स्क्रू."

ही शिक्षा किती कठीण आहे ते पंपघरात काम केलेल्या माणसालाच कळेल. आम्ही तिथे बोलत नसू, मोटारींच्या आवाजात बोलणं ऐकू यायचंच नाही. चौतीस वर्षं मी हातांनी काम केलं, तोंड वापरलं ते जेवायला. आता एक तारखेला बाई स्टूल घेऊन उंबऱ्याशी बसतात आणि मी भिंतीकडे तोंड करून बोलतो. हे झाकण काढलं. हा बर्नर. काजळी नाही, तरी ब्रश मारतो. ही नळी. ही पट्टी, हलवून दाखवतो, हलत नाही. मध्येच मी गप्प झालो की मागून आवाज येतो, "पुढे?" पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला घाम फुटायचा. ती कपड्यांची टोपली अजून तिथेच आहे, आणि माझी पाठ तिच्याकडे असते.

पेटी महिन्याभराने कपाटातून बाहेर आली. बायकोने स्वतःहून काढली नाही. चौथ्या मजल्यावरची नवी बाळंतीण सात वेळा घंटा वाजवून रडकुंडीला आली होती, तिला रात्रंदिवस रडणाऱ्या बाळासाठी डॉक्टर हवा होता, तेव्हा हिचा नाइलाज झाला. गीझरवाल्याच्या कार्डावरचा शेरा तिने खोडरबराने पुसला आणि तिथे लिहिलं, 'झाकण उघडत नाही. याचं नाव कुणाला देऊ नये.' सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. लोक पूर्वीसारखेच विचारतात आणि ऐकत नाहीत. मी पूर्वीसारखाच वैतागतो. नळासाठी दहावा प्लंबर येऊन गेला. फरक एवढाच की आता मी स्टुलावर गप्प बसत नाही, तो काय चुकतोय ते तिथल्या तिथे सांगतो. जाताना तो बायकोला म्हणाला, "काकू, काका फार बोलतात." ती म्हणाली, "बोलू दे."

तेव्हाच तिने आणखी एक कार्ड केलं. ते मला पेटी पुसताना सापडलं. 'गीझर, नळ, पंप. घरातलाच.' फोन नंबर आमचाच. खाली शेऱ्याची ओळ, आणि ती कोरी. पूर्वी एकदा काम पाहिलं की ती शेरा लिहून मोकळी व्हायची. सुताराला तर तो जिना उतरायच्या आधीच दिला होता.

मी तिला विचारलं नाही. पण एक तारखेला खालून आलो की आधी पेटीपाशी जातो. चौदा महिने झाले, ओळ अजून कोरीच आहे. पिशवी ठेवण्याचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातून विचारते, "काय काय केलंत?" तिच्या हातात पेन्सिल नसते, हे मला पेटीपासूनही दिसतं. मी दारात उभा राहतो आणि झाकण काढलं तिथपासून सांगायला लागतो.